तिसरी तार
(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले भाषण)



वर्धापनदिनाला एखादा भारदस्त विषय घ्यावा, असा संकेत आहे. मी मात्र आज विजेच्या तारांविषयी बोलणार आहे. आपल्या बोरगाव मेघेत होळी झाली, की घरोघरी कूलर खिडकीला लागतात, आणि त्यांत पाणी भरण्याचे काम बहुधा बाईकडेच असते. ओले हात, ओली फरशी, पत्र्याची पेटी आणि तिच्यात वीज, असा योग दुसऱ्या कोणत्या घरकामात क्वचितच येतो. विदर्भात कूलरचा शॉक लागून माणसे दगावल्याच्या बातम्या दर उन्हाळ्यात वाचाव्या लागतात.

तरीही आपण किती सहज म्हणतो, "आमचा कूलर थोडा करंट मारतो, चप्पल घालून हात लावा!" भगिनींनो, ही थट्टेची गोष्ट नव्हे. बोटांना आलेल्या मुंग्या म्हणजे घराने दिलेली सूचना आहे. आज चप्पल कोरडी होती म्हणून मुंग्यांवर निभावले. उद्या अनवाणी पायाने, ओल्या फरशीवरून एखादे लेकरू तिथे जाईल.

हे का होते? जुन्या घरांतून लाकडी पट्टीवरची दोन तारांची फिटिंग अजून पाहावयास मिळते. एका तारेने वीज येते, दुसरीने परत जाते. दिवा आणि पंखा यांवर काम भागत होते, तोवर ते खपले. पुढे फ्रिज, मिक्सर, गीझर, कूलर आले. त्यांना तिसरी तार लागते. ती यंत्राच्या धातूच्या अंगाला जोडलेली असते आणि अंगणातील खड्ड्यात जमिनीला मिळते. यंत्राच्या आत तारेचे आवरण झिजून वीज पत्र्यावर उतरली, तर तिला ही वाट मिळते. वाट नसेल, तर हात लावणारे माणूसच वाट होते. थ्री पिनची वरची जाड पिन याच तारेची. ती लांब ठेवली आहे, ती सर्वांआधी जोडली जावी म्हणून.

या उणिवेवर काही उपाय केले जातात, ते उपाय नसून अपाय आहेत. नुसता बोर्ड बदलून तीन छिद्रांचा बसवला, तर तिसऱ्या छिद्रामागे काहीच नसते. समाधान तेवढे मिळते. कोणी त्या छिद्राची तार आतल्या आत परतीच्या तारेला जोडून देतो. परतीची तार पुढे कुठे तुटली, की यंत्र सुरू करताच त्याच्या सगळ्या पत्र्यावर वीज येते. नळाच्या पाइपला तार गुंडाळणे तर आता अगदीच व्यर्थ, कारण पाइप प्लॅस्टिकचे झाले आहेत.

खरा उपाय दुहेरी आहे. परवानाधारक माणसाकडून खड्डा करून घ्यावा आणि तिथून प्रत्येक प्लगपर्यंत हिरवी तार न्यावी. आपली काळी माती ओल धरते, ही जमेची बाजू. पण उन्हाळ्यात तीच भेगाळते आणि नळीपासून सुटते. म्हणून तुळशीला घालतो तसे खड्ड्यालाही पाणी घालावे.

दुसरा उपाय म्हणजे आरसीसीबी. फ्यूज किंवा एमसीबी तारा जळू नयेत म्हणून असते, माणसासाठी नव्हे. ६ अँपिअरची एमसीबी ६००० मिलिअँपिअरपर्यंत स्वस्थ बसते, आणि माणसाचा जीव त्याच्या अगदी थोड्या अंशात जाऊ शकतो. आरसीसीबी गेलेली आणि परत आलेली वीज ताडून पाहते. घरासाठीच्या उपकरणात ३० मिलिअँपिअरचा फरक पडण्याच्या आतच ती पुरवठा तोडते. तिसरी तार नसली तरी ती काम करते, पण मग माणसाला धक्का बसल्यावरच. तार असली, तर कोणी हात लावण्यापूर्वीच. म्हणून दोन्ही हवेत. मात्र दोन्ही तारांना एकाच वेळी हात लागला, तर ती वाचवीलच असे नाही. तिच्यावरचे 'टेस्ट'चे बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावे. बटण दाबून वीज गेली नाही, तर ती निकामी समजावी.

हे होईपर्यंत कूलरमध्ये पाणी भरताना नुसते बटण बंद करून भागणार नाही, प्लगच काढावा. कोणाला शॉक लागलाच, तर धावत जाऊन धरू नये. आधी मेन स्विच बंद करावा. तो हाताशी नसेल, तर कोरड्या लाकडाने माणसाला दूर करावे आणि १०८ ला फोन करावा. श्वास चालत नसेल, तर रुग्णवाहिका येईपर्यंत छातीच्या मध्यभागी जोराने, भराभर दाबत राहावे.

खर्चाचे काय, असे तुम्ही विचाराल. दिवाळीला भिंती रंगवतो, त्या दिसतात. खड्डा दिसत नाही, म्हणून तो मागे पडतो. भाड्याने राहणाऱ्या भगिनींची अडचण निराळी. मालक म्हणतात, "इतकी वर्षे चालले ना?" तिथे एकटीच्या शब्दाला वजन येत नाही, चौघी मिळून गेल्या, तर येईल. मंडळ याचसाठी असते.

माझी एकच विनंती आहे. चैत्राच्या हळदीकुंकवाला जमाल, तेव्हा डाळ-पन्ह्यासोबत एकमेकींना एवढे विचारा: "तुमच्या घरी तिसरी तार आहे ना?" जिच्या घरी नसेल, तिच्यासोबत आपण जाऊ.