लिंकवरचं कमिशन: टक्क्यापलीकडे काय पाहाल?

इडलीपात्र कुठलं घ्यावं, मिक्सर कुठला टिकतो, हे तुमच्यातल्या कितीतरी जणी यूट्यूबवर सांगतात. त्या लिंकवर चार डॉलर मिळाले तर हवेतच! पण अफिलिएट प्रोग्राम निवडताना नुसता टक्का पाहू नका.

लिंकची मुदत किती, ते आधी पाहा. अ‍ॅमेझॉनवर ती साधारण 24 तास असते, आणि पहिल्या 180 दिवसांत 3 विक्र्या झाल्या नाहीत तर खातं बंद होतं. दरही कंपनीच्या हातात. एप्रिल 2020 मध्ये अ‍ॅमेझॉननं किराण्याचं कमिशन 5 टक्क्यांवरून 1 टक्क्यावर आणलं. म्हणून सगळी भिस्त एकावर नको. सामील व्हायलाच कुणी पैसे मागितले, तर सरळ नाही म्हणा. कमिशन मिळतं हे व्हिडिओत स्पष्ट सांगा. अमेरिकेत एफटीसीचा तसा नियमच आहे.

आणि सर्वांत महत्त्वाचं: तुम्ही एच-4 व्हिसावर असाल आणि वर्क परमिट नसेल, तर ही कमाईसुद्धा विनापरवाना काम ठरू शकते. चार डॉलरांपायी घराचा व्हिसा पणाला लावू नका. खातं उघडण्याआधी इमिग्रेशन वकिलाला विचारा.

भेटू पुढच्या आठवड्यात!