उन्हापावसात टिकणारी पाटी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आपल्या उद्योगशाखेसाठी मोठ्या पन्ह्याचे छपाईयंत्र घ्यावे, असा विचार चालू आहे. त्यासाठी जमलेल्या रकमेत अनेकींनी घरखर्चातून वाचविलेले पैसे आहेत. म्हणून चार व्यवहाराच्या गोष्टी सांगते. पाट्या छापणे हा माझा रोजचा उद्योग, एवढाच माझा अधिकार.

यंत्र किती रुंद, किती वेगवान, हे सगळेच विचारतात. पण पाटी टिकते ती शाईमुळे आणि ज्यावर ती छापली त्या मालामुळे. विरघळलेल्या रंगाची, म्हणजे डायची शाई उन्हात लवकर उडते. बारीक रंगकणांची, म्हणजे पिगमेंटची शाई टिकते. या टिकाऊ शायांत आपल्या कामाच्या तीन आहेत.

इको-सॉल्व्हंट शाई व्हिनाइलमध्ये मुरते व रंग खुलतो. परंतु साधारण २४ तास तिच्यातील द्रावक उडू द्यावे, मगच लॅमिनेशन करावे. लॅटेक्स शाई एचपी कंपनीने २००८ साली बाजारात आणली. ती पाण्यावर आधारलेली असून यंत्रातच उष्णतेने पक्की होते. लॅमिनेशन लगेच करता येते; मात्र वीज अधिक लागते. यूव्ही शाई अतिनील दिव्याखाली तत्क्षणी घट्ट होते, योग्य यंत्र असल्यास कडक फलकावरही छापते. पण माल दुमडला तर थर तडकण्याचा संभव.

आता आपली गोष्ट पाहा. ज्या दालनात यंत्र ठेवायचे म्हणतो, तेथेच सकाळी बालवाडी भरते. द्रावकाची वाफ मुलांच्या नाकातोंडात जाणे बरे नव्हे. तेव्हा वेगळी, हवा खेळती राहील अशी खोली मिळत नसेल, तर इको-सॉल्व्हंट स्वस्त पडले तरी घेऊ नये. लॅटेक्स घ्यावे, तेही विजेचा खर्च हिशेबात धरून; आणि हवेची सोय तेथेही हवीच.

आणखी एक. छपाईतला लाल रंग किरमिजी व पिवळ्या शाईने होतो आणि उन्हात बहुधा याच दोन आधी फिक्या पडतात. विहिरीजवळच्या पाटीवर ‘धोका’ हा शब्द पुसट झाला, तर पाटी असून नसल्यासारखी. असा शब्द पिवळ्या पट्टीवर काळ्या अक्षरांत छापावा आणि वरून लॅमिनेशन करावे. कापडी फलकांचीही सोय पाहावी; १०० मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसी फलकांवर १ जुलै २०२२ पासून बंदी आहे.

विक्रेत्याची रंगीत पुस्तिका पाहून भुलू नये. आपलाच नमुना त्याच्याकडून छापून घ्यावा, अर्धा पुठ्ठ्याने झाकावा आणि गच्चीवर पश्चिमेच्या उन्हात एक उन्हाळा व एक पावसाळा ठेवावा. झाकलेल्या व उघड्या भागांतला फरक कोणालाही दिसेल. तोवर कामे बाहेरून छापून घेऊ. महिन्याला किती कामे येतात तेही कळेल. बंद पडून राहिलेल्या यंत्राची नोझले शाईने बुजतात, म्हणून पुरेसे काम नसेल तर यंत्र न घेणे हाच शहाणपणा.

यंत्राचा निर्णय सर्वांनी मिळून करावा, एवढी विनंती करून मी आपली रजा घेते.