कॉर्बिनचा जन्म

बेकी चेंबर्सची 'द लाँग वे टू अ स्मॉल, अँग्री प्लॅनेट' ही २०१४ ची कादंबरी. जहाज अवकाशातलं, पण लढाऊ नव्हे. ही टोळी अंतराळात बोगदे खणते. त्यातून ये-जा दुसऱ्यांची. धक्क्यावरच्या माणसाला हे वेगळं सांगावं लागत नाही. नाना ग्रहांचे जीव एका टेबलाशी जेवतात. रांधणारा डॉक्टर शेफ माणूस नाही, तरी त्याच्या हातचं खाऊन कुणी बाटत नाही.

मला गाठलं कॉर्बिननं. इंधनासाठी शेवाळ पिकवणारा, खडूस, कुणालाच नकोसा. पुढे कळतं, हा बापाची हुबेहूब नक्कल, क्लोन. आणि क्वेलिन लोकांच्या कायद्यात असं जन्मणंच गुन्हा. उचलून नेतात, हाल करतात. अरे, त्याचं काम तरी बघा! नाही. जन्म बघतात. सोडवायला कागदोपत्री पालक लागतो. पालक होते सिसिक्स, जिचं त्याच्याशी कधीच पटलं नाही. प्रेमाबिमानं नव्हे, टोळीतला म्हणून.

इथं मात्र मला खटकलं. टोळी माणसाला सोडवते, कायदा तसाच उभा. सुटल्यावरही ठराविक मुदत त्यानं सिसिक्सपासून लांब जायचं नाही. म्हणजे जामीनच की हा! वाढलेला, कामाचा गडी, आणि जामिनावर.