माझ्या मुलीची फाईल
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवी शिकलेली बाई. बोलण्याची सवय नाही. चुकलेमाकले सांभाळून घ्यावे.

२००८ सालापासून दोन-अडीच वर्षे मी मुंबईच्या खेपा घालीत होते. तेव्हा मंडळात मी, ‘माहेरी आई आजारी आहे’ असे सांगत असे. ते खोटे होते. माझ्या सात वर्षांच्या मुलीला रक्ताचा कर्करोग झाला होता. परळच्या टाटा हॉस्पिटलात उपचार, आणि मुक्काम दादरला गाडगेमहाराजांच्या धर्मशाळेत. “मुलीची जात आहे, बोभाटा नको,” असे सासूबाईंनी बजावले होते. मलाही ते पटले होते.

मुलगी बरी झाली. एक वर्ष मागे पडली, पण बी. कॉम. झाली. आम्हांला वाटले, सुटलो! परंतु बऱ्या झालेल्या मुलांसाठीही टाटात १९९१ सालापासून वेगळा दवाखाना आहे. लहानपणच्या काही औषधांनी पुढे हृदय अशक्त होऊ शकते, डोक्याला किरण दिले असतील तर अभ्यास जड जातो, काहींना मूल होण्यास अडचण येते. सर्वांनाच होते असे नाही. पण तपासणी चुकवायची नाही. आमच्या मुलीचे हृदय चांगले आहे.

पहिल्या नोकरीच्या अर्जात तिने आजार खरा लिहिला. “कळवू” म्हणाले, कळवले नाही. दुसरीकडे तिने लिहिले नाही, आणि तपासणीसाठी पोटदुखीची रजा काढू लागली. शेवटी तिलाच ते सोसवेना. साहेबांना सांगितले, तर ते म्हणाले, “एवढेच ना?”

आता ती चोवीस वर्षांची आहे. स्थळे येतात. मी म्हटले, लग्न होईपर्यंत बोलू नकोस. ती म्हणाली, “आई, मी काय चोरी केली होती?” मला उत्तर सुचले नाही. पहिल्या मंडळींना तिने खरे सांगितले. दोन दिवसांनी, पत्रिका जुळत नाही, असा निरोप आला. पत्रिका आधीच जुळली होती! त्या दिवशी मी तिच्यावरच रागावले, हे कबूल करते.

येत्या रविवारी कोथरूडची मंडळी यायची आहेत. पोहे मी करणार, फाईल ती दाखवणार. मुलाच्या मावशी आपल्याच मंडळातल्या, आज पुढच्याच रांगेत बसल्या आहेत. त्यांनी आधी माझ्या तोंडून ऐकावे, म्हणून मी नाव दिले.