कुलूप कुणाचं, वही कुणाची

खाजगीपणा ही बंगलेवाल्यांची चैन, असं आपल्यातलेच काहीजण म्हणतात. दहा बाय दहाच्या खोलीत आठ माणसं झोपतात, तिथं कसलं खाजगी? मी म्हणतो, तिथंच तर पायजे!

२०१४ साली फेसबुकनं व्हॉट्सॲप घेतलं. १९ अब्ज डॉलरचा सौदा. फुकटच्या निरोपाला एवढे पैसे कोण मोजतं, आणि कशाचे? २०१६ पासून मजकुराला कुलूप आहे, खरंय. तेही सिग्नलवाल्यांनी घडवलेलं. पण कोण कुणाशी, कधी बोललं, हे मालकाला दिसू शकतं. मोर्च्याच्या आदल्या रात्री एवढं कळलं तरी पुरे की!

२०२१ च्या जानेवारीत फर्मान निघालं, नव्या अटी माना. लोक सिग्नल-टेलिग्रामकडं धावले, पण व्हॉट्सॲप काही सुटलं नाही. सगळी वस्ती तिथंच, जाणार कुठं? याला म्हणे स्पर्धा! २०२४ ला स्पर्धा आयोगानं मेटाला २१३ कोटींचा दंड ठोकला.

टेलिग्रामच्या साध्या गप्पांना तर टोकापासून टोकापर्यंतचं कुलूपच नाही. सिग्नल देणग्यांवर चालतं. त्याच्या वहीत खातं कधी उघडलं नि शेवटचं कधी आलात, जवळपास एवढंच.

तेव्हा जयंतीची पत्रकं खुशाल व्हॉट्सॲपवर टाका. मोर्च्याची यादी मात्र सिग्नलवर न्या, आजच.