कॉलेज निवडताना टेकडी किती लांब, तेही बघा

आजचा भाग खास त्यांच्यासाठी, ज्यांची नर्सिंगची सीईटी झालीये आणि आता कॅप राउंडला कॉलेजांचा पसंतीक्रम भरायचाय. त्यातही अशांसाठी, ज्यांना रविवारी डोंगर दिसला नाही तर आठवडा सुरूच झाल्यासारखा वाटत नाही. मी बी.एस्सी. नर्सिंगच्या शेवटच्या सत्राला आहे, नाशिकला. गाव अकोले तालुक्यात. कळसूबाई बघत मोठी झाले, त्यामुळे हा आजार जुना आहे.

फॉर्म भरताना आई म्हणाली होती, "नर्सिंगला चाललीस का गड चढायला?" मी म्हटलं, दोन्ही. मग अप्पा वही घेऊन बसले आणि म्हणाले, "मग हिशोब कर." तो हिशोब आज सांगते.

आधी वेळ किती उरतो ते बघा. आपलं सत्र 20 आठवड्यांचं, आठवड्याला 40 तास. थिअरी आणि प्रॅक्टिकलला 80 टक्के हजेरी असली की परीक्षेला बसता येतं. पण क्लिनिकलचे तास पदवी हातात पडायच्या आधी 100 टक्के भरावे लागतात, तिथे सूट नाही. आणि शेवटची इंटर्नशिप म्हणजे 22 आठवडे, आठवड्याला 48 तास. वर केस प्रेझेंटेशन, केअर प्लॅन, फाइली... फाइलींबद्दल मी बोलतच नाही.

म्हणजे आपल्याकडे उरतं काय? सकाळची ड्युटी दुपारी दोनला सुटली तर संध्याकाळपर्यंतचे तीन-चार तास, आणि रविवार. तोही प्रत्येक नाही. म्हणून मी म्हणते, "त्या शहराजवळ किती किल्ले आहेत" हा प्रश्नच विचारू नका. वॉर्डातून बाहेर पडल्यावर पाऊण तासात पायाखाली माती येते का, हे विचारा.

आता मुंबई घ्या. शिकायला मुंबई जबरदस्त, एवढे प्रकारचे पेशंट दुसरीकडे क्वचितच बघायला मिळतील. पण तिथले ट्रेकवाले शनिवारी रात्री कर्जत नाहीतर कसारा लोकल पकडतात, पहाटे चढतात आणि रविवारी संध्याकाळी गर्दीत उभं राहून परत येतात. सोमवारी सकाळी आठला वॉर्डात उभं राहायचं असेल तर हे महिन्यातून एकदा ठीक. बोरिवलीचं नॅशनल पार्क आहे, पण तुमचं हॉस्पिटल दक्षिण मुंबईत असलं तर तेही लांबच.

पुण्याचं उलटं. सिंहगड सगळ्यांना माहीत, स्वारगेटहून पायथ्यापर्यंत बसही जाते. पण मला विचाराल तर पुण्याची खरी श्रीमंती वेताळ टेकडी आणि पर्वती. ड्युटी आणि जेवण यांच्या मधे बसणाऱ्या टेकड्या आहेत त्या. खोलीचं भाडं मात्र आधी विचारून घ्या. साताऱ्याला तर अजिंक्यतारा शहराच्या डोक्यावरच बसलाय. लहान शहर म्हणून कुणी नाक मुरडतं, मी नाही मुरडणार.

मी नाशिक निवडलं. पांडवलेणी शहरातच, वीस मिनिटांत वर. पेठ रोडला आशेवाडीचा रामशेज, अर्ध्या दिवसाचं काम. दिसायला एवढासा, पण मोगलांना वर्षानुवर्षं दाद दिली नाही त्याने. मोठा रविवार मिळाला तर अंजनेरी. हरिहर मी चार वर्षांत फक्त दोनदा केला. पांडवलेणी किती वेळा, मोजलं नाही. यातच सगळं आलं.

आता एक गोष्ट माहितीपत्रकात सापडणार नाही. कॉलेज आणि क्लिनिकलचं हॉस्पिटल एकाच आवारात असेल असं नाही. एका मैत्रिणीचं कॉलेज डोंगराच्या कुशीत, फोटो बघून आम्ही जळायचो. पण पोस्टिंग शहराच्या दुसऱ्या टोकाला, बस सकाळी सहाला. ती संध्याकाळी परत येते तेव्हा डोंगर अंधारात असतो. म्हणून सिनियरना गाठा आणि विचारा: ड्युटी कुठल्या हॉस्पिटलला लागते, बस किती वाजता परत येते, होस्टेलचं गेट कधी बंद होतं, रविवारचा आउटपास कसा मिळतो. आमच्याकडे घरून फोन आल्याशिवाय पास नाही. अप्पांशी माझा करार आहे: कुणासोबत जाते ते सांगायचं, लोकेशन चालू ठेवायचं, सहाच्या आत गेटात.

माझे स्वतःचे दोन नियम आहेत. नाइट करून आल्यावर डोंगर नाही, आणि गाडीवर तर अजिबात नाही. झोप न झालेला माणूस आपण कॅज्युअल्टीत कोणत्या अवस्थेत बघतो, ते तुम्हालाही लवकरच कळेल. दुसरा, पोस्टिंगच्या मधल्या रविवारी निसरडी वाट नाही. पाय मुरगळला तर बुडालेले क्लिनिकलचे तास नंतर भरून द्यावे लागतात, तेव्हा बॅचच्या मैत्रिणी घरी गेलेल्या असतात.

"एवढं कशाला, चार वर्षं शीक आणि मग फिर," असं बरेच जण म्हणतात. दुसऱ्या वर्षाला मेडिसिन वॉर्डात एक आजी होत्या, रोज मला "पोरी, जेवलीस का?" विचारायच्या. त्या गेल्या तेव्हा मी बेडपाशी होते. पुढचं सगळं नीट केलं, रिपोर्ट लिहिला, त्यांच्या मुलाला पाणी दिलं. रडू आलंच नाही. ते आलं दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, पांडवलेणीच्या पायऱ्यांवर. होस्टेलच्या खोलीत चौघी असतो हो, तिथे रडायलाही रांग.

आता इंटर्नशिप संपत आलीये आणि पुन्हा तीच वही उघडलीये. मुंबईत पगार बरा आहे, आयसीयू शिकायला मिळेल. नाशिकला पगार कमी, पण टेकडी आहे. अप्पा म्हणतात मुंबई. मी अजून ड्युटीचं वेळापत्रक मागवलेलं नाही, ते आल्यावर ठरवेन.

तुमच्या यादीतलं गाव आणि हॉस्पिटल कळवा, मला माहीत असलेल्या टेकड्या सांगते. पुढच्या भागात नाइट ड्युटी आणि झोप. चला, भेटू!