अस्सल, नक्कल आणि कॅशेचे स्थलांतर

अस्सल आणि नक्कल हा भेद शासकीय दप्तराला नवा नाही. अस्सल नोंद अभिलेख कक्षात जपली जाते आणि मागणाऱ्याच्या हाती तिची नक्कल पडते. नक्कल गहाळ झाली तर दुसरी काढता येते. अस्सल नष्ट झाले तर हक्काचा आधारच जातो. संगणकाचा वापर वाढल्याने हा भेद पुसला गेलेला नाही. उलट, तो विसरला गेल्यास होणारी हानी आता एकाच वेळी हजारो लोकांपर्यंत पोहोचते.

१ मे २०१८ पासून राज्यात डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा ऑनलाइन मिळू लागला. उरण तालुक्यातील मोरा बंदरावरचा नागरिक असो की सातपुड्यातील, त्याने मागितलेली माहिती दूरच्या संगणकातून क्षणात पडद्यावर यावी अशी आता अपेक्षा असते. दहावीच्या निकालाच्या दिवशी तर सुमारे पंधरा लाख विद्यार्थ्यांचा निकाल काही तासांत पाहिला जातो. प्रत्येक वेळी मूळ नोंदसंग्रहात शोध घ्यावा लागला, तर त्यावर असह्य ताण पडतो. म्हणून वारंवार मागितल्या जाणाऱ्या माहितीची एक नक्कल संगणकाच्या जलद स्मृतीत, जणू खिडकीजवळच, ठेवली जाते. या साठ्याला कॅशे म्हणतात. रोख रकमेच्या कॅशशी त्याचा काही संबंध नाही.

या कामासाठी जगभर वापरली जाणारी एक प्रणाली म्हणजे रेडिस. साल्वातोरे सान्फिलिपो या इटालियन प्रोग्रामरने ती २००९ मध्ये प्रथम उपलब्ध करून दिली. पुढे क्लाउड कंपन्या ती भाड्याने पुरवू लागल्या. क्लाउड म्हणजे आकाशातील ढग नव्हे. जमीन, वीज आणि शीतकरण लागणाऱ्या इमारतींतील संगणक होत. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये पुणे, मुंबई व चेन्नई येथून अशी सेवा सुरू केली, तर पनवेल येथे २०२० मध्ये योट्टा कंपनीचे मोठे डेटा केंद्र उभे राहिले.

मायक्रोसॉफ्टची ‘अझूर कॅशे फॉर रेडिस’ ही जुनी सेवा आता निवृत्त होणार आहे. जाहीर वेळापत्रकानुसार तिच्या एंटरप्राइझ श्रेणी ३१ मार्च २०२७ रोजी आणि बेसिक, स्टँडर्ड व प्रीमियम या श्रेणी ३० सप्टेंबर २०२८ रोजी बंद होतील. त्यांच्या जागी ‘अझूर मॅनेज्ड रेडिस’ ही सेवा २०२५ पासून उपलब्ध आहे. रेडिसची एक प्रत आज्ञा मुख्यतः एकामागून एक पाळते. त्यामुळे जुन्या सेवेत संगणकाची बरीच शक्ती पडून राही. दालनात चार कारकून असावेत आणि खिडकी एकच उघडी असावी, तसा हा प्रकार. नव्या सेवेत एकाच यंत्रावर अशा अनेक खिडक्या चालतात.

स्थलांतरापूर्वीची तपासणी

पहिले काम यादी करण्याचे आहे. कोणते कार्यक्रम कॅशेवर अवलंबून आहेत आणि त्यात काय काय ठेवले जाते, याची लेखी नोंद हवी. या तपासणीत अनेकदा असे आढळते की नक्कल ठेवण्याच्या खणात कोणी अस्सलही ठेवले आहे. अर्धवट भरलेला अर्ज किंवा पुढील कार्यवाहीसाठी रांगेत उभे असलेले काम केवळ कॅशेतच असेल, तर खण रिकामा होताच ते नाहीसे होईल. असे जे काही असेल ते आधी कायम नोंदसंग्रहात हलवले पाहिजे.

दुसरी बाब पत्त्याची. नव्या सेवेचे नाव व द्वार दोन्ही बदलतात. जुन्या सेवेत सुरक्षित जोडणी ६३८० क्रमांकाच्या द्वारातून होई, नव्या सेवेत ती १०००० क्रमांकातून होते. जुन्या सेवेत एकाच कॅशेचे क्रमांकित कप्पे करता येत. नव्या सेवेत कप्पा एकच असतो. दोन विभागांनी वेगवेगळ्या कप्प्यांत एकाच नावाने माहिती ठेवली असेल, तर ती एकमेकींवर लिहिली जाईल. म्हणून नावे आधीच वेगळी करावी लागतात.

ताण आणि शिळी माहिती

नवा कॅशे रिकामा सुरू केला, तर पहिल्या काही काळात प्रत्येक मागणी मूळ नोंदसंग्रहावर जाऊन आदळते. निकालाचा दिवस किंवा मार्चअखेर अशा बदलासाठी निवडणे म्हणूनच अयोग्य होय. कमी वर्दळीच्या वेळी साठा हळूहळू भरू देणे, अथवा जुन्यातील नक्कल फाइलरूपाने नव्यात नेणे, हे मार्ग उपलब्ध आहेत.

दोन्ही कॅशे काही काळ सोबत चालवण्याचीही पद्धत आहे. मात्र त्यात दक्षता हवी. कर्ज फेडलेल्या शेतकऱ्याच्या उताऱ्यावरील बोजा कमी झाला; नव्या कॅशेतील जुनी नक्कल काढली, पण जुन्यातील तशीच राहिली, अशी कल्पना करा. बँकेच्या पडद्यावर बोजा कायम दिसेल आणि पेरणीच्या तोंडावर त्याचे नवे कर्ज अडेल. मूळ नोंद बिनचूक असूनही नागरिकाचे नुकसान होईल. म्हणून प्रत्येक दुरुस्ती दोन्हीकडे पोहोचली पाहिजे आणि प्रत्येक नकलेला ठरावीक आयुर्मर्यादा असली पाहिजे.

मोऱ्याच्या प्रवाशांना असा बदल परिचित आहे. मोरा ते भाऊचा धक्का ही लाँचची वाट जुनी; ओहोटीला गाळामुळे ती अडखळते. १२ जानेवारी २०२४ रोजी उरणपर्यंत रेल्वे सुरू झाली, म्हणून त्याच दिवशी लाँच बंद झाली नाही. नव्या वाटेची वेळ, भाडे आणि भरवसा लोकांना पारखता आला. संगणकीय सेवेतही जुनी वाट सोडण्यापूर्वी नवी वाट प्रत्यक्ष वापरून पाहणे आणि परतीची सोय ठेवणे हेच शहाणपणाचे आहे. खात्री पटल्यावर मात्र जुनी सेवा विधिवत बंद करावी. अन्यथा न वापरलेल्या सेवेचे देयक जनतेच्या पैशातून भरले जात राहील.

हे काम तज्ज्ञांचे असले तरी प्रश्न विचारण्याचा अधिकार सर्वांचा आहे. अस्सल नोंद कोठे आहे? बदल कोणत्या दिवशी होणार? त्या दिवशी सेवा अडली तर नागरिकाने कोणाकडे जावे? अधिकाऱ्यांनी या तीन प्रश्नांची उत्तरे लेखी घ्यावीत. ग्रामपंचायतींनी ती सूचना फलकावर लावावीत आणि शिक्षकांनी ती पालकांना समजावून सांगावीत. सेवा पुरवणारी कंपनी व यंत्रे बदलत राहतील. अस्सल नोंदीची जबाबदारी मात्र ती ठेवणाऱ्या कार्यालयाचीच राहते.